चादर सोलापूरची, भाव डॉलरात: ऑनलाइन दुकानाला करन्सी स्विचर बसवताना

सोलापुरातल्या चादर-टॉवेलवाल्यांच्या, शेंगाचटणीवाल्यांच्या वेबसाइट करून देणं हा माझा धंदा. जुळे सोलापुरात घरातच ऑफिस आहे. दिवाळी जवळ आली की एक फर्माईश हमखास येते: "ताई, साइटवर ते डॉलरचं बटण टाकून द्या की." कुणाचा पाहुणा दुबईत असतो, कुणाच्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी टेक्सासला असते. बटण टाकायला पंधरा मिनिटं लागतात. प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घ्या, चालू करा, दिसायला लागतं. पण गिऱ्हाइकाला दिसलेला भाव, त्याच्या कार्डावरून कापलेली रक्कम आणि दुकानदाराच्या खात्यात पडलेले रुपये या तिघांचा मेळ बसला नाही, तर ते बटण नसलेलंच बरं. तो मेळ कसा बसवायचा ते सांगते. उदाहरणं वूकॉमर्सची, म्हणजे वर्डप्रेस साइटला दुकान जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण आपल्याकडची बहुतेक छोटी दुकानं त्यावरच आहेत.

नुसतं दाखवायचं, की घ्यायचंसुद्धा?

प्लगइन शोधण्याआधी हे ठरवा. पहिल्या प्रकारात पानावर डॉलरचा आकडा दिसतो, पण चेकआउटला रुपयेच कापले जातात. गिऱ्हाइकाची बँक तिच्या रेटने रुपयाचे डॉलर करते, वर स्वतःचं मार्कअप लावते, आणि त्याच्या स्टेटमेंटवर तुम्ही दाखवलेल्यापेक्षा वेगळाच आकडा येतो. यात बेकायदा काही नाही, पण मग भावाशेजारी "अंदाजे" आणि चेकआउटला "पैसे रुपयांत घेतले जातील" असं ठळक लिहा. महिन्याला एखादी परदेशी ऑर्डर येत असेल तर एवढ्यावर भागवा. पुढची उस्तवारी कशाला?

दुसऱ्या प्रकारात डॉलरच कापायचे. तो तुमच्या मनावर नाही, पेमेंट गेटवेवर, म्हणजे कार्डाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीवर आहे. रेझरपेमध्ये इंटरनॅशनल पेमेंट वेगळं मंजूर करून घ्यावं लागतं. एकदा मिळालं की शंभरावर करन्सी घेता येतात आणि खात्यात रुपये येतात. पेपालचं उलटं आहे. परदेशी गिऱ्हाइकाकडून तो रुपये घेतच नाही, त्यामुळे पेपाल लावायचा तर डॉलर, पौंड, युरो असं काहीतरी ठेवावंच लागतं. आणि त्याच्या यादीत दिरहम नाही. तुमचं निम्मं परदेशी गिऱ्हाईक दुबई-शारजाचं असेल, तर हे आधी कळलेलं बरं. स्ट्राइप भारतात २०२४ पासून निमंत्रणाशिवाय नवीन खातं देत नाही. शॉपिफायवर दुकान असेल तर चेकआउटला करन्सी बदलण्याची सोय शॉपिफाय पेमेंट्सशी बांधलेली आहे आणि ती सेवा भारतात नाही. म्हणजे तिथे पहिल्याच प्रकारावर थांबावं लागतं.

वूकॉमर्स स्वतः एकच करन्सी ओळखतो. बाकीच्यांसाठी प्लगइन लागतं: फॉक्स, कर्सी, एलिया, किंवा डब्ल्यूपीएमएलवाल्यांचं वूकॉमर्स मल्टिलिंग्वल, ज्याचा करन्सीचा भाग फुकट वापरता येतो. फॉक्स आणि कर्सीच्या फुकट आवृत्तीत करन्सी मोजक्याच मिळतात. कोणतंही घेतलंत तरी "चेकआउटही निवडलेल्या करन्सीत" अशा अर्थाचा पर्याय सेटिंगमध्ये शोधा. बऱ्याचदा तो बंद असतो, आणि तो बंद असेपर्यंत तुम्ही पहिल्याच प्रकारात आहात, हे लक्षात येत नाही.

करन्सी किती?

यादीत चाळीस झेंडे लावायचा मोह होतो. लावू नका. झालेल्या ऑर्डरींचे आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या चौकश्यांचे देश बघा. आपल्याकडच्या दुकानांना साधारण डॉलर, दिरहम, पौंड आणि फार तर युरो पुरतात. प्रत्येक वाढीव करन्सीचा रेट, राउंडिंग, शिपिंग आणि रिफंड कायम सांभाळावा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर या सगळ्यांच्या डॉलरचं चिन्ह एकच आहे, म्हणून नुसतं चिन्ह न ठेवता सोबत तीन अक्षरी कोड दाखवा. टोरंटोच्या माणसाला स्वतःचा डॉलर वाटला आणि कापला गेला अमेरिकेचा, की फोन तुम्हालाच येणार.

दिरहमची वेगळी गंमत आहे. वूकॉमर्स त्याचं चिन्ह अरबी अक्षरांत दाखवतो. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे काही थीममध्ये आकडा आणि चिन्ह जागा बदलून बसतात. प्लगइनमध्ये चिन्हाच्या जागी तीन अक्षरी कोड टाकला की प्रश्न मिटतो.

रेट आणायचा कुठून

गुगलवर दिसणारा रेट हा मोठ्या बाजारातला मधला रेट असतो. त्या रेटने तुम्हाला कुणी पैसे देत नाही. तरी सुरुवात अशाच एखाद्या रेटपासून करावी लागते. भारतात रुपयाचा संदर्भ दर २०१८ च्या जुलैपर्यंत रिझर्व्ह बँक जाहीर करायची. तेव्हापासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. वेबसाइटला आपोआप रेट घ्यायला सोयीचा स्रोत म्हणजे युरोपियन सेंट्रल बँक. कामाच्या दर दिवशी मध्य युरोपच्या वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास ती यादी काढते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळी वेळेत साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. मी रात्री साडेनऊची वेळ लावते, म्हणजे दोन्ही ऋतूंत चालतं. शनिवार-रविवारी नवा रेट येत नाही, शुक्रवारचाच राहतो. ते बरोबरच आहे.

त्या यादीत सगळं युरोच्या हिशेबाने असतं. डॉलरचे रुपये हवे असतील तर एका युरोचे रुपये भागिले एका युरोचे डॉलर. प्लगइन हे स्वतः करतं, पण एकदा कॅल्क्युलेटरवर ताडून बघा. दिरहम त्या यादीत नाहीच, आणि लागतही नाही. संयुक्त अरब अमिरातीने १९९७ पासून दिरहम डॉलरला बांधून ठेवलाय: एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. डॉलरचा रेट आला की दिरहमचा भागाकाराने निघतो. सौदी रियालही तसाच, ३.७५ ला बांधलेला.

वर्डप्रेसचं स्वतःचं वेळापत्रक साइटवर कुणी आलं तरच चालतं. रात्री कुणी फिरकलं नाही तर साडेनऊचं काम सकाळी पहिलं गिऱ्हाईक आल्यावर होतं. होस्टिंगच्या पॅनेलमधून सर्व्हरचा खरा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय, लावा. आणि दोन कुंपणं घाला. रेट मिळालाच नाही, तर आधीचा रेट कायम ठेवायचा, शून्य नाही. आणि नवा रेट जुन्यापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त हललेला दिसला, तर तो न लावता ईमेल पाठवायचा. डॉलर-रुपया एका रात्रीत इतका सहसा हलत नाही. आकडाच चुकीचा आला असण्याची शक्यता जास्त. प्लगइनमध्ये ही सोय नसेल तर डेव्हलपरकडून दहा-बारा ओळी लिहून घ्या.

भाव रेटने ठरवायचा नाही, दुकानदाराने ठरवायचा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. चाटी गल्लीतल्या माझ्या एका गिऱ्हाईक-दुकानाचंच उदाहरण घेते. डबल बेडची जॅकार्ड चादर, भाव १,६५० रुपये. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ९० रुपये धरू. सरळ भागाकार केला तर १८.३३ डॉलर. स्क्रीनवर ते बघून दुकानातले काका म्हणाले, "आओ ताई, अठरा पॉइंट तेहतीस? हे काय पेट्रोल हाय का?"

काकांचं बरोबर होतं. दुकानदार कधी असा भाव लावत नाही. शिवाय १८.३३ मध्ये तोटा आहे. परदेशी कार्डावर गेटवेची फी देशी कार्डापेक्षा जास्त असते, वर डॉलरचे रुपये करताना ते स्वतःचा रेट लावतात, आणि आजचा भाव नि पैसे जमा होण्याचा दिवस यांत रेट थोडा हलतो. गेटवेवाल्याला हे दोनच आकडे विचारा: परदेशी कार्डावर फी किती, आणि रुपये करताना कोणता रेट. त्यात थोडी फट ठेवून जे येईल ते मार्जिन. उदाहरणापुरते ४ टक्के धरू.

१,६५० वर ४ टक्के म्हणजे १,७१६. भागिले ९०, आले १९.०७ डॉलर. आता राउंडिंग. मी डॉलर आणि पौंडाला जवळच्या अर्ध्यावर आणते, म्हणजे १९.०० किंवा १९.५०. इथे १९.०० झाले, सात सेंट गेले. ते मार्जिनमध्ये सामावतात. बरेच प्लगइन "वरच्या आकड्यावर न्या" असा पर्याय देतात आणि तो आकर्षक वाटतो. पण दिरहमचं बघा: डॉलर ९० तर दिरहम २४.५१ रुपये, १,७१६ चे झाले ७०.०२. वर नेलं तर ७१. दोन फिल्सपायी (दिरहमचा शंभरावा भाग म्हणजे फिल्स) अख्खा एक दिरहम वाढला. म्हणून वर न नेता जवळच्या आकड्यावर आणा.

राउंडिंग कुठे करायचं हाही प्रश्न आहे. त्याच तीन चादरी घेतल्या तर रुपयांत ४,९५०. आधी बेरीज करून, मार्जिन लावून मग बदललं तर ५७.२० डॉलर येतात. पानावर मात्र गिऱ्हाइकाने एकेक चादर १९.०० ची बघितलीय, त्याचे तीन नगांचे ५७.०० होतात. वीस सेंट कुठून आले हे तो विचारणारच, आणि विचारावंच. नियम असा: एका नगाचा भाव आधी बदला, राउंड करा, मग नगांनी गुणा. चांगली प्लगइन असंच करतात. तरी तीन नग कार्टमध्ये टाकून खात्री करून घ्या.

याहून पुढची पायरी म्हणजे आपोआप बदल बंदच करून प्रत्येक करन्सीत हाताने भाव लिहिणं. वस्तू पन्नास-साठ असतील तर मी हेच सुचवते. रोज रेट बदलून चादर आज १९.००, उद्या १९.५०, परवा पुन्हा १९.०० दिसली, की कार्टमध्ये माल ठेवून "नवऱ्याला विचारून घेते" म्हणणारी बाई परत आल्यावर बिचकते. पक्का भाव लिहा आणि महिन्यातून एकदा, किंवा रेट दोन टक्क्यांहून जास्त हलला की, बसून बदला. आपोआप रेट तरी चालू ठेवा, तो तुम्हाला किती हललंय हे दाखवायला. पूर्व भागातल्या एका टॉवेलवाल्याकडे साइझ-रंग धरून शेकडो वस्तू आहेत. तिथे हाताने शक्य नाही, म्हणून तिथे रेट, मार्जिन आणि राउंडिंग असंच चालतं.

दोन दशांश सगळीकडे नसतात

वूकॉमर्समध्ये दशांशाचे आकडे एकदाच ठरवायचे असतात, आणि रुपयात पैसे कुणी लावत नाही म्हणून आपण तिथे शून्य ठेवतो. मग डॉलरही शून्य दशांशाने दिसतो आणि १९.५० चे २० होतात. प्लगइनमध्ये प्रत्येक करन्सीचे दशांश वेगळे ठरवा: डॉलर, पौंड, युरोला दोन. दिरहमलाही दोन, पण मी पूर्ण आकडेच ठेवते. जपानी येनला शून्य. कुवेती दिनार, बहरीनचा दिनार आणि ओमानी रियाल यांना तीन, कारण तिथे एकाचे हजार भाग होतात.

दिसण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण गेटवेला रक्कम सगळ्यात लहान नाण्यात पाठवतात. १,७१६ रुपये म्हणजे १,७१,६०० पैसे. त्यामुळे सवयीने सगळीकडे शंभराने गुणलं जातं. समजा कुवेती दिनार २९० रुपये. आपली चादर ५.९१७, राउंड करून ५.९०० दिनार. गेटवेला जायला हवेत ५,९०० फिल्स. शंभराने गुणलं तर गेले ५९०, म्हणजे अर्ध्या दिनारच्या जरा वर. १,७१६ रुपयांची चादर १७१ रुपयांत कुवेतला रवाना. येनचं उलटं. येन ६० पैसे धरला तर चादर २,८६० येनची. शंभराने गुणलं तर गिऱ्हाइकाच्या कार्डावर २,८६,००० येन लागतील. गेटवेचं अधिकृत प्लगइन हे सांभाळतं. कुणी हाताने कोड लिहिला असेल तर हीच ओळ आधी उघडून बघा. रेझरपेची आणखी एक अट आहे: तीन दशांशांच्या करन्सीत शेवटचा आकडा शून्यच हवा. ५.९०० चालेल, ५.९१७ नाही.

पंढरपूरच्या गिऱ्हाइकाला दिरहम दिसतात तेव्हा

गिऱ्हाईक कुठल्या देशातून आलंय हे त्याच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) ओळखता येतं. वूकॉमर्स त्यासाठी मॅक्समाइंडचा डेटाबेस वापरतो. त्याची फुकट लायसन्स की घेऊन सेटिंगमध्ये टाकावी लागते. एवढं करून सोडून दिलंत तर घोटाळा कॅशमध्ये होतो. कॅश म्हणजे पानाची तयार झेरॉक्स. दुबईहून कुणी पान उघडलं, त्याची दिरहमवाली झेरॉक्स सर्व्हरवर राहिली, आणि पाच मिनिटांनी पंढरपूरच्या माणसाला तीच मिळाली. तो बिचारा "सत्तर रुपयांत चादर?" म्हणून खुशीत चेकआउटला जातो आणि तिथे १,६५० बघून चिडतो.

उपाय दोन. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये ग्राहकाच्या ठिकाणासाठी "जिओलोकेट, पेज कॅशिंग सपोर्टसह" असा पर्याय आहे, तो निवडा. आणि कॅश प्लगइनला करन्सीच्या कुकीप्रमाणे (ब्राउझरमध्ये राहणारी निवडीची नोंद) वेगळी प्रत ठेवायला सांगा, किंवा करन्सी प्लगइनमध्ये भाव पान उघडल्यावर मागून भरण्याची सोय असेल तर ती चालू करा. कार्ट आणि चेकआउटची पानं कॅशमध्ये कधीच नकोत.

ठिकाणावरून फक्त पहिली करन्सी सुचवा, सक्ती नको. वर कोपऱ्यात बदलायचं बटण राहू द्या आणि एकदा निवडलं की तीच टिकू द्या. गुगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्याचा प्रोग्रॅम, तोही सांभाळायचा असतो. तो बहुतेक वेळा अमेरिकेच्या आयपीवरून येतो, त्यामुळे आपलं दुकान त्याला डॉलरात दिसतं. पानाच्या आतल्या डेटात रुपये आणि वर डॉलर असं झालं, की गुगलचं मर्चंट सेंटर (जिथून वस्तू गुगलवर दाखवल्या जातात) भाव जुळत नाही म्हणून वस्तू नाकारतं. बॉटला कायम बेस करन्सी, म्हणजे रुपये, दाखवा. बऱ्याच प्लगइनमध्ये तसा पर्याय असतो.

पैसे दुबईचे, चादर पुण्याला

आपल्याकडे हा प्रकार फार. मुलगा शारजातून पैसे भरतो आणि चादर पुण्यात आईकडे पाठवायला सांगतो. लग्नाच्या आहेराला तर दहा-दहा चादरी अशा जातात. इथे पैसे दिरहममध्ये आले तरी माल देशाबाहेर गेला नाही. ही निर्यात नाही, जीएसटी लागतोच. निर्यातीवर कर शून्य असतो आणि एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरलेलं असेल तर आयजीएसटी न भरता माल पाठवता येतो, पण त्यासाठी माल भारताबाहेर जायला लागतो. म्हणून "करन्सी रुपया नसेल तर कर काढा" असा नियम कधीच लावू नका. कर मालाच्या पत्त्यावरून ठरू द्या. करन्सी गिऱ्हाइकाच्या सोयीने, कर डिलिव्हरीच्या पत्त्याने, असं दोन्ही वेगळं ठेवा.

शिपिंगचंही तेच. दुकानात "३,००० च्या वर डिलिव्हरी फ्री" असतं. प्लगइन इमानेइतबारे त्याचे ३३.३३ डॉलर करतं आणि टेक्सासची दोन चादरींची ऑर्डर फुकट पाठवायची वेळ येते. फ्री डिलिव्हरी फक्त भारताच्या शिपिंग झोनमध्ये ठेवा. परदेशाचे झोन वेगळे करा आणि कुरिअरचं वजन घनफळावर धरा: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. आमची चादर काट्यावर पावणेदोन किलो भरते, पण ४० बाय ३० बाय १० च्या खोक्यात घातली की कुरिअरवाला २.४ किलोचे पैसे लावतो. घट्ट बांधून खोक्याची उंची दोन सेंटिमीटरने कमी झाली तरी तेच वजन दोन किलोच्या आत येतं. म्हणून बांधणाऱ्या पोराला हा हिशेब एकदा समजावून द्या, प्लगइनपेक्षा जास्त पैसे वाचतील.

कूपनमध्ये "२०० ची सूट" असेल तर ती बदलून दाखवली जाते का बघा. नाहीतर १९ डॉलरच्या चादरीवर २०० डॉलर सूट. टक्क्यांचं कूपन ठेवलं की हा प्रश्नच नाही. आणि वस्तूच्या पानावर एक ओळ हवी: परदेशात लागणारी ड्युटी आणि कर भावात धरलेले नाहीत. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकलीय, त्यामुळे एका चादरीवरही आकारणी होऊ शकते. ब्रिटनला १३५ पौंडांपर्यंतचा माल पाठवताना व्हॅट विक्रेत्यानेच तिथे नोंदणी करून विक्रीच्या वेळी घ्यायचा असतो. लंडनच्या ऑर्डरी वाढल्या तर सीएंना आधी विचारा.

ऑर्डर झाल्यावर

प्रत्येक ऑर्डरमध्ये तीन गोष्टी कायमच्या लिहिल्या गेल्या पाहिजेत: करन्सी, त्या करन्सीतली रक्कम आणि त्या क्षणाचा रेट. करन्सी आणि रक्कम वूकॉमर्स ठेवतो. रेट ठेवायचं काम प्लगइनचं. एखादी ऑर्डर उघडून तो दिसतो का तपासा. रिफंड ज्या करन्सीत घेतले त्याच करन्सीत द्यायचा. तीन चादरींतली एक परत आली तर १९ डॉलर परत, मग आज डॉलर कुठेही असो. मधल्या काळात डॉलर चढला असेल तर तो फरक दुकानदाराच्या खिशातून जातो. मार्जिनमध्ये फट ठेवायला सांगितली ती यासाठीही.

वूकॉमर्सचे रिपोर्ट करन्सी न बघता आकड्यांची बेरीज करतात. ५७ डॉलरची ऑर्डर ५७ रुपयांची म्हणून मोजली जाते आणि महिन्याची विक्री घसरलेली दिसते. प्लगइन बेस करन्सीत रिपोर्ट देत असेल तर तोच बघा, नाहीतर गेटवेचं स्टेटमेंट खरं माना.

सीएंना द्यायच्या कागदांत रेट तीन असतील, घाबरू नका. वेबसाइटचा तुमचा. गेटवेने रुपये करताना लावलेला दुसरा. आणि निर्यातीच्या जीएसटी बिलाला तिसरा, कारण सीजीएसटीच्या नियम ३४ प्रमाणे तिथे कस्टम्ससाठी जाहीर झालेला रेट धरायचा असतो. तिघे जुळणार नाहीत, जुळायची गरजही नाही. कोणता आकडा कुठला, हे लिहून ठेवलेलं असलं की झालं. आयईसी (आयात-निर्यातीचा) नंबर, गेटवेला दिलेला पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा) आणि बँकेकडून मिळणारा परदेशी पैशाचा दाखला एका फाइलला लावा.

चालू करण्याआधी

नवी प्रायव्हेट विंडो उघडा, व्हीपीएन (दुसऱ्या देशातून साइट उघडल्यासारखं दाखवणारी सोय) दुबईवर ठेवा आणि पहिल्या पानापासून चेकआउटपर्यंत जा. प्रत्येक ठिकाणी भाव बघा: यादीत, वस्तूच्या पानावर, छोट्या कार्टमध्ये, फिल्टरच्या पट्टीत. ही पट्टी बहुतेक वेळा रुपयांतच राहते. मोबाइलवर बटण अंगठ्याला सापडतं का बघा, कारण गिऱ्हाईक मोबाइलवरच असतं. करन्सी रुपया नसेल तेव्हा यूपीआय आणि कॅश ऑन डिलिव्हरी दिसायला नकोत. कार्टमध्ये माल ठेवून करन्सी बदला, माल तसाच राहून भाव बदलायला हवेत.

ऑर्डरचा ईमेल आणि पीडीएफ बिल स्वतः उघडून वाचा. पीडीएफच्या काही फॉन्टमध्ये रुपयाचं चिन्हच नसतं, तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं. फॉन्ट बदला किंवा सरळ अक्षरांत "रु." लिहा.

शेवटी टेस्ट मोड बंद करून खऱ्या परदेशी कार्डावर साइटवरची सगळ्यात स्वस्त वस्तू मागवायची. काकांनी शारजातल्या भाच्याला फोन लावला आणि त्याने एक नॅपकिन मागवला. ऑर्डरचा आकडा, त्याच्या बँकेच्या मेसेजमधला आकडा आणि गेटवेच्या पॅनेलमधला आकडा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. पहिले दोन पैशापैशाला जुळले पाहिजेत. तिसऱ्यातून फी वजा जाऊन आलेले रुपये तुमच्या मार्जिनच्या हिशेबात बसले पाहिजेत. मग तीच ऑर्डर पूर्ण रिफंड करा. रिफंडला काही दिवस लागतात. तेवढे दिवस बटण लपवून ठेवा, आणि भाच्याच्या खात्यात पूर्ण रक्कम परत आल्याचं कळलं की सगळ्यांसाठी चालू करा.